भुजादंडाची बसवणी आणि फटीचे गणित

इंग्लंडमध्ये १९४८ साली बाजारात आलेली मॉरिस मायनर ही छोटी मोटार १९७१ पर्यंत निर्माण होत होती. या काळात तिच्या सोळा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेल्या या मोटारीत १९५६ पासून ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ए-मालिकेतील ९४८ घन सेंटिमीटर धारणेचे चार सिलिंडरांचे एंजिन बसविले जाऊ लागले. आज अशा मोटारी हौसेने जतन करणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्या हातून जुन्या एंजिनाची जी संपूर्ण पुनर्बांधणी होते, तीत सर्वांत अवघड मानले जाणारे काम म्हणजे भुजादंड बसविणे. प्रस्तुत लेखात या एंजिनाचे उदाहरण घेऊन त्या कामामागील कारणपरंपरा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. याच कॉर्पोरेशनचे बी-मालिकेतील १४८९ घन सेंटिमीटरचे एंजिन हे रचनेने त्याचे थोरले भावंड होय. ते हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बॅसॅडर मोटारीत दीर्घकाळ वापरले गेले. तेव्हा पुढील विवेचन, आकडे वेगळे धरून, आपल्याकडील जुन्या मोटारींनाही लागू पडेल.

प्रथम परिभाषेविषयी थोडेसे. ‘क्रँकशाफ्ट’ला मराठी परिभाषेत ‘भुजादंड’, ‘बेअरिंग’ला ‘धारवा’, ‘पिस्टन’ला ‘दट्ट्या’ आणि ‘कनेक्टिंग रॉड’ला ‘संयोगदांडा’ असे शब्द योजले जातात. कारखान्यातील मिस्त्री यांपैकी एकही शब्द वापरीत नाही. त्याच्या तोंडी ‘क्रँक’, ‘बेरिंग’, ‘पिष्टन’ हेच असते. मात्र क्रियापदे त्याची स्वतःची असतात, आणि त्यांत ‘बसणे’ हे क्रियापद फार मार्मिक आहे. धारवा जागेवर नीट लागला म्हणजे तो ‘बसला’. आणि तेलावाचून तापून भुजादंड धारव्यात जखडला म्हणजे एंजिनही ‘बसले’. यश आणि सर्वनाश यांना एकच क्रियापद लागावे हा भाषेतील योगायोग खरा, पण या दोन बसण्यांमधील अंतर प्रत्यक्षात इंचाच्या एकदोन सहस्रांशांइतकेच असते.

भुजादंडाचे कार्य सर्वश्रुत आहे. दट्ट्याची वरखाली होणारी सरळ गती तो वर्तुळगतीत रूपांतरित करतो. ९४८ घन सेंटिमीटरच्या एंजिनात तो तीन मुख्य धारव्यांवर फिरतो. या धारव्यांत फिरणाऱ्या त्याच्या दंडगोल भागांना मुख्य जर्नल म्हणतात. त्यांचा मूळ व्यास १.७५०५ ते १.७५१० इंच, म्हणजे सुमारे ४४.५ मिलिमीटर असतो. संयोगदांडे ज्यांना जोडले जातात त्या चार भुजाखिळींचा व्यास १.६२५४ ते १.६२५९ इंच असतो. दोन्ही ठिकाणी निर्मात्याने स्वतःला दिलेली मुभा अर्ध्या सहस्रांश इंचाची आहे, हे ध्यानात ठेवावे. माणसाचा केस साधारणतः दोन ते चार सहस्रांश इंच जाड असतो. आपल्या सुतारांचे ‘सूत’ हे माप इंचाचा आठवा भाग. त्याचे सव्वाशे भाग करावेत, तेव्हा त्यांतील एक भाग या कामाचे एकक ठरतो.

आता मुख्य प्रश्न. जर्नल आणि त्याचा धारवा यांच्यामध्ये फट का ठेवावयाची आणि किती ठेवावयाची? बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या शेतकऱ्याला चाक सैल असलेले चालते, किंबहुना हवेच असते. तेथे वेग अल्प आणि भार जवळजवळ स्थिर असतो. मोटारीच्या एंजिनाची गोष्ट निराळी. मिनिटाला ४,००० फेऱ्या होत असता मुख्य जर्नलाचा पृष्ठभाग सेकंदाला नऊ मीटरांहून अधिक वेगाने सरकतो, आणि प्रत्येक सिलिंडरात मिनिटाला दोन हजार वेळा इंधनाचा भडका उडून दट्ट्यावर एक टनाहून अधिक जोराचा आघात होतो. एवढ्या भाराखाली पोलाद आणि मऊ मिश्रधातू एकमेकांना घासले, तर धारवा काही मिनिटांत वितळून जाईल. तो वितळत नाही, याचे कारण ते दोन पृष्ठभाग एकमेकांना स्पर्शच करीत नाहीत.

हे प्रथम प्रयोगाने दाखवून देण्याचे श्रेय बोशँप टॉवर या इंग्रज अभियंत्याकडे जाते. इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनियर्स या संस्थेसाठी रेल्वेच्या धारव्यांतील घर्षणाचा अभ्यास करीत असता त्याने धारव्याच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी एक छिद्र पाडले. यंत्र सुरू करताच तेल आत जाण्याऐवजी त्या छिद्रातून उसळून बाहेर येऊ लागले. त्याने बूच मारले, बूच उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर फेकली गेली. अखेरीस दाबमापक जोडला, तेव्हा दर चौरस इंचास दोनशे पौंडांपर्यंतचे त्याचे माप अपुरे पडले; वस्तुतः धारव्यावरील सरासरी भार त्याच्या निम्माच होता. हे निष्कर्ष १८८३ साली प्रसिद्ध झाले, आणि १८८६ साली ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी त्यांची गणिती उपपत्ती दिली. फिरणारा जर्नल स्वतःबरोबर तेल ओढून नेतो. तो धारव्याच्या केंद्रापासून किंचित सरकलेला असल्याने फट एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस अरुंद असते. रुंद भागातून अरुंद भागाकडे ओढले जाणारे तेल पाचरीसारखे अडकते, त्याचा दाब वाढतो आणि तो जर्नलाला उचलून धरतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. फट ही धातू कापून शिल्लक राहिलेली रिकामी जागा नव्हे. ती एंजिनाचा एक कार्यकारी अवयव आहे, आणि तो तेलाचा बनलेला आहे. तेलाचा पंप दर चौरस इंचास सुमारे ६० पौंडांचा दाब निर्माण करतो, परंतु भार पेलण्याशी त्या दाबाचा प्रत्यक्ष संबंध फारसा नसतो. पंपाचे काम तेल हजर ठेवण्याचे. भार पेलणारा दाब फट स्वतः निर्माण करते, आणि तो पंपाच्या दाबाच्या कितीतरी पट असतो.

फट किती असावी याविषयी कारखान्यांतून चालत आलेला ढोबळ नियम म्हणजे व्यासाच्या दर इंचामागे एक सहस्रांश इंच. पावणेदोन इंची जर्नलाला त्यामुळे पावणेदोन सहस्रांश इंच येतात, आणि व्यवहारात एक ते अडीच सहस्रांशांच्या दरम्यानची फट समाधानकारक मानतात. फट कमी पडली तर तेलाचा प्रवाह तोकडा होतो, उष्णता वाहून नेली जात नाही आणि धारवा जखडतो. हे कोणालाही पटते. परंतु फट जास्त झाल्याचे परिणाम तितके सरळ नाहीत. अरुंद फटीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण फटीच्या घनाशी निगडित असते. फट दुप्पट झाली की गळती आठपट होते. दीड सहस्रांशाची फट तीन सहस्रांशांवर गेली, तर डोळ्यांना काहीच दिसणार नाही आणि हाताला जेमतेम जाणवेल, पण त्या धारव्याच्या दोन्ही कडांतून आठपट तेल निसटू लागेल. पंप सर्वांचा एकच असल्यामुळे एका सैल धारव्याची शिक्षा दुसऱ्या निर्दोष धारव्याला भोगावी लागते. एंजिन गरम झाल्यावर तेलाच्या दाबाचा काटा खाली येतो तो याच कारणाने, आणि पुष्कळदा दोष नसलेला पंप उगाच बदलला जातो.

म्हणून बसवणीचा आरंभ हत्यारांनी न होता मापनाने होतो. प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने एकमेकींशी काटकोनात असणाऱ्या दोन दिशांत, आणि लांबीवर किमान दोन ठिकाणी मोजावा लागतो. भुजाखिळींवर इंधनाच्या भडक्याचा आघात ठरावीक बाजूनेच येत असल्याने त्या समान झिजत नाहीत, त्यांना अंडाकृती येते. ही अंडाकृती सुमारे एक सहस्रांशाच्या पुढे गेली तर नवे धारवे घालून उपयोग नसतो. कारण गोल घरात अंडाकृती दांडा फिरू लागला की फटीचे माप प्रत्येक फेरीत बदलत राहते. येथे तापमानाचाही विचार करावा लागतो. तापमान वीस अंश सेल्सियसने वाढले तर ४४.५ मिलिमीटर व्यासाचे पोलाद सुमारे ०.०१ मिलिमीटर, म्हणजे ०.४ सहस्रांश इंच फुगते. मायक्रोमीटरही पोलादाचाच असल्याने दोन्ही एकाच तापमानाला असतील तर ही चूक परस्पर नाहीशी होते. पण उन्हात ठेवलेला भुजादंड सावलीतल्या मायक्रोमीटरने मोजला, तर निर्मात्याने स्वतःला दिलेली जवळजवळ सगळी मुभा त्या एका निष्काळजीपणातच खर्ची पडते.

झीज मर्यादेबाहेर असेल तर भुजादंड घासून घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ मापापेक्षा ०.०१०, ०.०२०, ०.०३० व ०.०४० इंच लहान अशा चार पायऱ्या ठरलेल्या असून त्या-त्या मापाचे जाड धारवे मिळतात. म्हणजे एका भुजादंडाच्या आयुष्यात ही संधी फार तर चार वेळा येते. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या दंडाच्या यांपैकी दोन-तीन पायऱ्या पूर्वीच्या मालकांनी बहुधा उतरलेल्याच असतात. ए-मालिकेच्या एंजिनाचे उत्पादन २००० साली थांबले. तेव्हा शेवटच्या पायरीवरचा दंड चुकीच्या बसवणीने जखडला, तर तो त्या एंजिनापुरता संपला असेच समजावे. घासताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. जर्नल जेथे भुजेला मिळतो तेथील कोपऱ्याला निर्मात्याने दिलेली गोलाई राखली गेली पाहिजे. तेथे धारदार कोपरा राहिला तर ताण त्या रेषेवर एकवटतो आणि कालांतराने तेथूनच तडा जातो. तडे शोधण्यासाठी चुंबकित लोहचूर्णाची परीक्षा उत्तम. तिची सोय नसेल तेव्हा जुने कारागीर दंड टांगून त्यावर हलकासा ठोका देत. निर्दोष दंड घंटेसारखा निनादतो, तडा गेलेला बद्द वाजतो. ही कानाची परीक्षा भरवशाची असली तरी बारीक तडे तिला सापडत नाहीत.

धारव्यांच्या इतिहासाकडे या ठिकाणी वळणे आवश्यक आहे, कारण बसवणीतील कित्येक चुका जुन्या पद्धतीच्या स्मरणातून होतात. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ साली कथिलप्रधान पांढऱ्या मिश्रधातूचे पेटंट घेतले. त्यानंतर सुमारे शतकभर यंत्रांचे, आणि पुढे मोटारींचेही, धारवे हा धातू जागच्या जागी ओतून तयार केले जात. ओतलेला धारवा फिटर हाताने खरवडून जर्नलाच्या मापाचा करी. जर्नलाला निळा रंग लावावा, दंड फिरवावा, रंग उमटलेले उंचवटे खरवडावेत, पुन्हा फिरवावा, असा तो क्रम असे. झीज झाली की धारव्याच्या टोपीच्या कडा कानशीने घासून ती थोडी खाली आणीत, म्हणजे फट पुन्हा कमी होई. ‘फिटर’ या शब्दात हाच अर्थ होता: जो घासून, खरवडून दोन भाग एकमेकांच्या जोगे करतो तो. पुढे अमेरिकेत पातळ कवचांचे धारवे निघाले. पोलादी पत्र्यावर मऊ मिश्रधातूचा अतिशय पातळ थर दिलेली ही अर्धगोल कवचे १९३० नंतरच्या दशकात टोनी व्हँडरव्हेल यांनी परवाना घेऊन इंग्लंडमध्ये आणली. पुढे त्यांनी आपल्या शर्यतीच्या मोटारींना ‘थिनवॉल स्पेशल’ असे धारव्याचेच नाव दिले, आणि ‘व्हॅनवॉल’ या नावातही धारव्याची आठवण राहिली.

कवचाच्या धारव्यात खरवडण्याजोगे काहीच नसते. थर इतका पातळ असतो की पाते लावले तर तो नष्टच व्हावयाचा. टोपीची कड घासणे तर अधिक घातक, कारण टोपी काढून लावावयाची असली तरी ठोकळा आणि टोपी मिळून ते एकच भोक आहे. ते दोघांना जोडूनच कोरलेले असते. टोप्यांची अदलाबदल किंवा उलट बसवणी त्याच कारणाने वर्ज्य. कवचाच्या कडेला एक लहानसा कान असतो व तो घरातील खाचेत जातो. हा कान कवचाला फिरू देत नाही असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्याचे काम बसवताना जागा दाखविण्यापुरते असते. कवच जागी घट्ट राहते ते वेगळ्याच युक्तीने. प्रत्येक अर्धे कवच अर्धवर्तुळाहून अत्यल्प लांब केलेले असते. टोपी आवळली की दोन्ही कवचांच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि कवच घराच्या भिंतीशी सर्वांगाने चिकटते. त्यामुळे कवचाची पाठ आणि घर कोरडे व निर्मळ असावे लागते. तेथे तेलाचा ओघळ किंवा कचऱ्याचा कण राहिला तर त्याचा उंचवटा पातळ कवचातून आरपार उमटतो व नेमक्या त्या जागी फट नाहीशी होते. कवचाच्या आतल्या बाजूला मात्र तेल भरपूर हवे.

स्वच्छतेचे प्रकरण कंटाळवाणे असले तरी बहुसंख्य अपयशांचे मूळ तेथेच असते. मुख्य जर्नलांकडून भुजाखिळींकडे तेल नेणाऱ्या तिरप्या वाटा दंडाच्या पोटातून कोरलेल्या असतात. त्यांत वर्षानुवर्षांचा गाळ असतो, आणि दंड घासून आणल्यावर सहाणेची पूडही असते. रॉकेल आणि लांब ब्रशाने या वाटा, तसेच ठोकळ्यातील तेलाची मुख्य वाहिनी, साफ केल्याविना नवा धारवा बसविणे म्हणजे त्याच्या नाशाची तरतूद स्वहस्ते करून ठेवणे होय. मऊ धातू बारीक कण पोटात घेतो, हा त्याचा गुण. पण त्यालाही मर्यादा असते.

प्रत्यक्ष बसवणी त्यामानाने थोडक्यात सांगता येते. ठोकळा उलटा ठेवून वरची कवचे घरात बसवितात. कवचातील छिद्र ठोकळ्यातील तेलाच्या छिद्रासमोर आले की नाही, हे येथेच पाहावे. मधल्या धारव्याच्या दोन्ही अंगांस अर्धचंद्राकृती चकत्या लागतात. दंड मागेपुढे सरकू नये हे त्यांचे काम. चकत्यांच्या एका बाजूस तेलाच्या खाचा असतात. त्या खाचा फिरणाऱ्या दंडाकडे हव्यात. त्या ठोकळ्याकडे गेल्या तर चकतीची कोरडी पाठ दंडाला घासते. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते. त्यानंतर फटीची प्रत्यक्ष परीक्षा करावी. कोरड्या जर्नलावर प्लास्टिगेज या नावाने मिळणारा मृदू धागा आडवा ठेवून टोपी पूर्ण पिळाने आवळतात आणि दंड मुळीच न फिरविता पुन्हा काढतात. चेपलेल्या धाग्याची रुंदी पाकिटावरील छापील मापाशी ताडली की फट किती ते कळते. धागा जितका रुंद पसरला तितकी फट कमी.

फट पसंत पडल्यावर धागा पुसून सर्वत्र तेल लावावे आणि टोप्या एकेक करून, पीळ मोजणाऱ्या पान्याने, मुख्य धारव्यांना ६० फूट-पौंडांपर्यंत आवळाव्यात. संयोगदांड्यांच्या टोप्यांना ३५ पुरतात. प्रत्येक टोपी आवळल्यानंतर दंड हाताने फिरवून पाहण्याची जी प्रथा आहे, ती कटाक्षाने पाळावी. तिन्ही टोप्या आवळून मग दंड जड फिरतो असे आढळले, तर दोष कोठे ते कळत नाही. एकेक आवळली तर ज्या टोपीनंतर जडपणा आला तिच्यातच तो सापडतो. ही तर्कपद्धती प्रयोगशाळेतील कोणत्याही संशोधकाला परिचित वाटेल.

दंडाचा मागेपुढे होणारा सैलपणा दोन ते तीन सहस्रांश इंच असावा. तो दंड तरफेने एका बाजूस सारून, चकती आणि दंड यांच्यामध्ये फीलर गेजची पाती सरकवून मोजतात. चालक क्लच दाबतो तेव्हा दंडावर पुढच्या दिशेने रेटा येतो. क्लचवर सतत पाय ठेवून गाडी हाकण्याची सवय असेल तर तो रेटा सर्वकाळ राहतो, आणि चकत्या अकाली झिजतात. मिस्त्रीने मोजून दिलेला सैलपणा असा चालकाच्या पायाखाली वाढत जातो.

कॅमशाफ्टच्या साखळीची जुळणी व दोन्ही दंतचक्रे एका पातळीत आणण्याचे काम यानंतर येते. त्यात विशेष गूढ नाही. मागील टोकाची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. या एंजिनात भुजादंडाच्या मागील टोकास रबरी ओठाची सील नाही. तेथे दंडावर उलट्या आट्यांसारखी खोबण कोरलेली असते, आणि दंड फिरत असताना ती बाहेर पडू पाहणारे तेल आत ढकलते. दंड थांबला की तिचे काम थांबते. म्हणून उभ्या मोटारीखाली तेलाचे दोन थेंब दिसले, तर सगळी बसवणी चुकली असे मानून एंजिन पुन्हा उघडण्याचे कारण नाही. मागील धारव्याची फट वाढली तर मात्र या खोबणीवर तिच्या शक्तीबाहेर तेल येऊ लागते, आणि गळती थेंबांवर थांबत नाही.

पहिल्या वेळी एंजिन सुरू करताना सर्व वाहिन्या रिकाम्या असतात. स्पार्क प्लग काढून ठेवून, दाबमापकाचा काटा उचलेपर्यंत एंजिन नुसते फिरवावे. प्लग काढल्याने दट्ट्यांवर दाब येत नाही व धारव्यांवर भार पडत नाही. काटा उचलला म्हणजे तेल शेवटच्या फटीपर्यंत पोहोचले. त्यानंतरच प्लग बसवून एंजिन सुरू करावे, आणि ते पूर्ण तापल्यावर दाब पुन्हा पाहावा. थंड एंजिनातील दाट तेल सैल धारव्यातही बऱ्यापैकी दाब दाखविते. फटीचा खरा हिशेब तापलेले, पातळ झालेले तेलच सांगते.